टप्पा कुठे पडणार?

चिप शॉट शिकवणाऱ्या रीलचा साचा एव्हाना पाठ झालाय. पहिल्या दोन-तीन सेकंदांत एक माणूस मुद्दाम वाईट फटका मारतो. क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो, चेंडू वीतभर सरकतो. मग तोच माणूस कॅमेऱ्याकडे बघून विचारतो, तुमचंही असंच होतं ना? मग मनगटावर लाल रेघ येते, दोन खांदे आणि हात जोडणारा पिवळा त्रिकोण येतो, डाव्या पायाशी 'वजन ७० टक्के' असा आकडा येतो. शेवटी बरोबर फटका. चेंडू चौकटीबाहेर जातो, कट, चेंडू होलमध्ये पडतो. झाले चाळीस सेकंद. अंगठा वर, पुढची रील.

पुस्तकांची आणि सिनेमांची समीक्षा होते, शिकवणीची मात्र होत नाही. शिकवणी उपयोगाची असते, तिच्यात काय वाचायचं, असं आपण धरून चालतो. पण गिटार, भाकरी, एक्सेल, पुश-अप हे सगळं आता आपण याच उभ्या चौकटीतून शिकतो. तेव्हा ही चौकट काय दाखवते आणि काय कापून टाकते, हे एखाद्या छोट्याशा विषयावर तपासून बघायला हरकत नाही. मी चिप शॉट निवलाय, कारण तो लहान आहे, आणि ही चौकट त्याची जेवढी वाट लावते तेवढी क्वचितच कशाची लावत असेल. माझं म्हणणं असं की ती रील चिप शॉट शिकवत नाही. चिप मारणारा माणूस कसा दिसतो, एवढंच ती शिकवते.

गोल्फशी ज्यांचा संबंध नाही (हे वाचणाऱ्यांत बहुतेक तेच असतील) त्यांच्यासाठी थोडक्यात. होलभोवतीची गालिच्यासारखी कापलेली हिरवळ म्हणजे ग्रीन. ग्रीनवर आल्यावर पटर नावाच्या चपट्या क्लबने चेंडू नुसता घरंगळवतात. पण चेंडू ग्रीनच्या जेमतेम बाहेर, थोड्या वाढलेल्या गवतात थांबला असेल, तर पटर चालत नाही. मधलं गवत चेंडूचा वेग खाऊन टाकतं. मग चेंडू त्या गवतावरून जरासा उचलायचा, ग्रीनवर टाकायचा आणि पुढे होलपर्यंत घरंगळू द्यायचा. हा चिप. चेंडू हवेत कमी आणि जमिनीवर जास्त वेळ असतो. नेमकं उलट झालं, म्हणजे चेंडू हवेत जास्त राहिला, तर तो पिच.

ताकद लागत नाही. उंची, दंड, जिम, काही लागत नाही. ड्रायव्हरने अडीचशे यार्ड चेंडू फेकायला शरीर लागतं. चिप दहा वर्षांचं पोर आणि सत्तर वर्षांची आजी सारख्याच चांगल्या प्रकारे करू शकतात. आणि तरीही अनेक वर्षं खेळणारे लोक या फटक्याला टरकतात. चेंडू होलपासून दहा पावलांवर असतो, बरोबरचे तिघे गप्प उभे राहून बघत असतात आणि क्लब जमिनीत रुततो. किंवा क्लबची खालची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे पळतो. लांबचा फटका चुकला तर माणूस हसून म्हणतो, आज लागत नाहीये. चिप चुकला की हसता येत नाही. इतकं सोपं काम जमलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

आता हडपसर. इथे गोल्फ कोर्स नाही. शहरातला पूना क्लबचा जुना अठरा होलचा कोर्स येरवड्याला आहे, नदीच्या पलीकडे. हडपसरमध्ये गोल्फ दोनच रूपांत पोचलाय: फोनवर आणि गृहप्रकल्पांच्या माहितीपत्रकात. उंची प्रकल्पाचं माहितीपत्रक उघडा, जिम, स्विमिंग पूल आणि 'योगा डेक'च्या रांगेत बऱ्याचदा 'पटिंग ग्रीन' दिसतं. पोडियमवर किंवा क्लबहाऊसच्या मागे टाकलेली कृत्रिम हिरवळ, दोन-चार भोकं, एक छोटा झेंडा. माहितीपत्रकातल्या चित्रात तिथे पांढऱ्या पोलो शर्टमधला एक गृहस्थ वाकलेला असतो. प्रत्यक्षात संध्याकाळी तिथे लहान मुलं सायकली फिरवतात, आणि मला विचाराल तर तो त्या जागेचा जास्त चांगला वापर आहे.

हे नुसती टिंगल करायला सांगत नाहीये. कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवणारं हे गाव होतं. शंभराहून जास्त मगर शेतकरी कुटुंबांनी स्वतःच्या जमिनी विकून न टाकता एकत्र आणून इथे सुमारे चारशे एकरांवर मगरपट्टा सिटी उभी केली, हे आता व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. जमीन म्हणजे काय, हे या उपनगराला कुणी शिकवायची गरज नाही. आणि गोल्फ तर जमीन खाणारा खेळ. अठरा होलच्या एका कोर्सला शे-सव्वाशे एकर सहज लागतात. तेव्हा हा खेळ हडपसरच्या वाटेला फक्त चित्र म्हणून येणार, हे ओघानंच आलं. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये बॅडमिंटन इतकं रुजलं होतं की त्याला 'पूना' असंच नाव पडलं होतं. तेही साहेबांचंच खूळ, पण आज प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे, नेट नसतानाही खेळलं जातं. बॅडमिंटन पार्किंगमध्ये उतरलं आणि गोल्फ नाही उतरला, याचं कारण जमीन हेच. पण या उत्तरात एक फट आहे आणि ती फट म्हणजे चिप. या फटक्याला शंभर एकर लागत नाहीत. दहा-बारा पावलं पुरतात.

मग तो शिकवायचा कसा? इथे भाषेचा प्रश्न येतो.

इंग्रजी शिकवणी सुरू होते शरीरापासून: पाय जवळ, चेंडू किंचित मागे, वजन होलच्या बाजूच्या पायावर, हात चेंडूच्या जरा पुढे, मनगट स्थिर. यातलं काही चूक नाही. पण मराठीत या फटक्यासाठी एक शब्द आधीपासूनच तयार आहे, आणि तो शरीराचा नाही. तो म्हणजे टप्पा. गल्लीत 'एक टप्पा आऊट' खेळलेल्या कुठल्याही पोराला टप्पा समजावून सांगावा लागत नाही. चेंडू जिथे जमिनीला लागतो ती जागा म्हणजे टप्पा. आणि शिकार 'टप्प्यात' येते तेव्हा टप्पा म्हणजे पल्ला, आवाका. एकाच शब्दात जागाही आहे आणि अंतरही आहे. चिप शॉट म्हणजे नेमकं एवढंच: टप्पा कुठे पाडायचा हे ठरवायचं आणि तिथून पुढचं काम घरंगळण्यावर सोडायचं.

जुन्या खेळाडूंनी याचं एक साधं गणितही करून ठेवलंय. बारातून क्लबचा आकडा वजा करायचा. सात नंबरचं आयर्न असेल तर उरतात पाच, म्हणजे चेंडू हवेत एक भाग जाईल आणि जमिनीवर पाच भाग. पिचिंग वेज म्हणजे दहावा क्लब धरायचा, मग उरतात दोन. समजा होल बारा पावलांवर आहे आणि ग्रीनची कड एका पावलावर. सात नंबर घेतला तर टप्पा दोन पावलांवर पाडायचा, उरलेली दहा पावलं चेंडू आपला आपण जाईल. पिचिंग वेज घेतला तर टप्पा चार पावलांवर, घरंगळणं आठ. हे सपाट आणि मध्यम वेगाच्या ग्रीनसाठी. चढ, उतार, ओल यांनी आकडे हलतात. पण विचाराची दिशा लक्षात घ्या. नजर आधी होलकडून टप्प्याकडे येते, टप्प्यावरून क्लब ठरतो, आणि शरीर सगळ्यात शेवटी येतं. टप्पा दोन पावलांवर हवा असेल तर हात आपोआप कमी मागे जातो, तो किती अंश मागे न्यायचा हे कुणी सांगावं लागत नाही. कॅरममध्ये राणी घेताना बोटाचा कोन कोण मोजतं?

रीलमध्ये हा टप्पा दिसतच नाही. का दिसत नाही, याचं कारण इतकं ढोबळ आहे की ते सहज सुटून जातं. फोनची चौकट उभी आहे. उभ्या चौकटीत उभा माणूस डोक्यापासून बुटापर्यंत छान बसतो. चेंडू मात्र आडवा जातो. तो निघाला की अर्ध्या सेकंदात चौकटीबाहेर, आणि जिथे या फटक्याचा सगळा जीव आहे ती जागा, हिरवळीवरचा टप्पा, चित्रातच नसतो. त्याऐवजी कट घेऊन होल दाखवतात. म्हणजे शिकणाऱ्याला दोनच गोष्टी दिसतात: अंगाची ठेवण आणि निकाल. मधला विचार गायब. मग तो अंगाची ठेवण घोटत बसतो, निकाल लागत नाही, आणि आणखी रील बघतो. (यातून कुणाचं भलं होतं हे उघड आहे, त्यावर वेगळं लिहायला नको.)

आता ९० वर्षांपेक्षा जास्त मागे जाऊ. १९३० मध्ये बॉबी जोन्सने एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्ती घेतली. पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने त्याला घेऊन 'हाऊ आय प्ले गोल्फ' नावाचे बारा छोटे चित्रपट काढले. मुख्य सिनेमाच्या आधी थिएटरात दाखवायचे. त्यात हॉलिवूडचे नट येतात, लटके विनोद होतात, जोन्स सुटाबुटात शांतपणे समजावतो. विनोद आज शिळे वाटतात. पण मालिकेची मांडणी बघा: पहिला भाग पटर, दुसरा चिप शॉट, मग हळूहळू लांबचे क्लब. ड्रायव्हर येतो नवव्या भागात. जगातला सर्वांत मोठा खेळाडू शिकवायला उभा राहतो आणि होलपासून सुरू करून मागे मागे जातो. थिएटरातल्या प्रेक्षकाने आयुष्यात क्लब हातात धरला नसणार, हे त्याला ठाऊक होतं. पडदाही आडवा होता.

हा क्रम मोडला तो पुस्तकांनी, त्यातही एका फार चांगल्या पुस्तकाने. बेन होगनचं 'फाइव्ह लेसन्स' १९५७ मध्ये आलं. आधी 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'मध्ये लेखमाला आणि मग पुस्तक. लेखन हर्बर्ट वॉरन विंडच्या साथीने, चित्रं अँथनी रॅव्हिएलीची. पाच धडे असे: पकड, उभं राहणं, स्विंगचा पहिला भाग, दुसरा भाग, उजळणी. चिपला धडा नाही. पटिंगलाही नाही. होगनला पूर्ण स्विंगचंच शास्त्र मांडायचं होतं, तेव्हा ही उणीव म्हणून त्याच्या माथी मारता येणार नाही. पण पुस्तकाची खरी ताकद चित्रांत आहे, आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू झाला असं मला वाटतं. रॅव्हिएली शरीर असं काढतो की स्नायू कातडीखालून दिसावेत. त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र म्हणजे खांद्यांवर तिरपी काच टेकलेली आणि तिच्या भोकातून डोकं वर काढलेला खेळाडू. त्या काचेच्या पातळीत हात फिरले पाहिजेत. एकदा बघितलं की हे चित्र विसरता येत नाही. आणि त्या चित्रात चेंडू कुठे जातो, हे नाही. रीलमधला पिवळा त्रिकोण आणि लाल रेघ ही त्या काचेचीच नातवंडं. पूर्ण स्विंगसाठी काढलेली भूमिती सोयीची होती म्हणून चिपवर चिकटवली गेली.

याच्या उलट टोकाला हार्वी पेनिक. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा हा क्लब-शिक्षक अनेक दशकं एका लाल वहीत टिपणं लिहीत होता, कुणाला दाखवत नव्हता. ऐंशी ओलांडल्यावर, १९९२ मध्ये, ती 'लिटल रेड बुक' म्हणून छापली गेली आणि धो धो खपली. पुस्तकाला धड रचना नाही: दोन ओळींचं टिपण, मग दोन पानांची आठवण, मग पुन्हा चार ओळी. काही टिपणं तर उगाच गोड आहेत. पण त्याचा आग्रह जोन्सच्या क्रमाचाच: होलपासून सुरुवात करा, मागे मागे या. शिकवताना तो समोरच्याच्या डोक्यात कमीत कमी शब्द जातील याची काळजी घेतो, आणि शक्य तिथे शरीराऐवजी एखादी वस्तू किंवा जागा दाखवतो.

पेनिक लहानपणी कॅडी होता म्हणून त्याला हे कळलं, असं लिहायचा मोह होतो. पण होगनही लहानपणी कॅडीच होता. तेव्हा असली सोपी समीकरणं नकोत.

तरी कॅडीचा मुद्दा सोडूनही चालणार नाही, कारण भारतात हा फटका ज्यांच्या हातात सर्वांत चांगला बसला त्यांतले कितीतरी जण पिशव्या उचलणारेच होते. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर दिल्लीचा कॅडी. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची निगा राखत. चौरसिया तिथेच वाढला, २००८ मध्ये इंडियन मास्टर्स आणि पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये सलग दोनदा इंडियन ओपन जिंकला, रिओ ऑलिंपिकलाही खेळला. तो लांब मारणाऱ्यांतला नव्हता. बरोबरच्यांनी त्याचं नावच 'चिप-पट-सिया' करून टाकलं होतं. मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबातले कॅडी वस्तीच्या बोळांत वाकवलेल्या लोखंडी सळयांनी आणि प्लॅस्टिकच्या चेंडूंनी गोल्फ खेळतात, त्याचे फोटो जगभर गेले आणि त्या दुनियेवर सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये 'स्लम गोल्फ' ही मालिका केली. ('शाळा' करणारा दिग्दर्शक, हे लक्षात असेल.)

या सगळ्याचं कौतुक करताना एक ठरलेली गफलत होते. सेव्ह बायेस्तेरोस स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर एकुलत्या एका तीन नंबरच्या आयर्नने शिकला, म्हणून तो जादूगार झाला. कॅडींकडे क्लब नव्हते, म्हणून त्यांचे हात तयार झाले. गरिबी ही जणू उत्तम प्रशिक्षक! हे लिहायला फार सोपं आणि वाचायला फार गोड आहे. एका चौरसियामागे किती जण आयुष्यभर दुसऱ्याची पिशवीच वाहत राहिले, हे त्या गोडव्यात विरून जातं. कमतरतेने हात बसत नाही. मग कशाने बसतो? कॅडी उभा कुठे राहतो ते बघा. साहेब चिप मारायला जातो तेव्हा कॅडी होलपाशी झेंडा धरून असतो. त्याला साहेबाचं मनगट दिसत नाही. त्याला दिसतो चेंडू: कुठे पडला, किती उसळला, कुठे वळला, कुठे थांबला. दिवसाला डझनावारी चेंडू, वर्षानुवर्षं. रील ज्या जागेवर कात्री चालवते, नेमक्या त्या जागेवर तो उभा असतो. त्याच्या शिकण्यात काही गूढ असेल तर एवढंच, की तो टप्प्याच्या बाजूने बघत होता.

या फटक्याची सगळ्यात जास्त बघितली गेलेली चित्रफीत म्हणजे २००५ च्या मास्टर्समधला टायगर वूड्सचा सोळाव्या होलवरचा चिप. शोधली की लगेच सापडते. बघायची तर दोनदा बघा. पहिल्यांदा सगळे जे बघतात ते बघा: चेंडू उताराने काटकोनात वळतो, होलच्या कडेला येऊन थांबतो, चेंडूवरचं कंपनीचं चिन्ह कॅमेऱ्याला दिसेल इतका वेळ थांबतो, आणि पडतो. दुसऱ्यांदा फक्त वूड्सची तयारी बघा. तो होलकडे नेम धरतच नाही. त्याची नजर होलच्या कितीतरी डावीकडे, वर चढावर आहे. ग्रीनवरची एक विशिष्ट जागा त्याने हेरलीय आणि चेंडू तिथे टाकायचाय, एवढंच. फटका मारून झाल्यावर त्याच्या हाती काहीच उरत नाही, तोही आपल्यासारखा प्रेक्षक होतो. छोट्या आवृत्त्यांमध्ये हा तयारीचा भाग कापलेला असतो. त्यानंतर शेवटच्या दोन्ही होलवर त्याने एकेक फटका जास्त घेतला आणि स्पर्धा प्लेऑफमध्ये जिंकावी लागली, हेही कापलेलं असतं. पण ते एक सोडा.

दहाएक वर्षांनी याच माणसाचा हा फटका हरवला. डिसेंबर २०१४ पासून वूड्स चिप मारताना जमीन खणू लागला, चेंडू ग्रीनपार पळवू लागला, अगदी रीलच्या पहिल्या तीन सेकंदांतल्या माणसासारखा. जानेवारी २०१५ मध्ये फीनिक्सला त्याने एका फेरीत ८२ फटके घेतले. तेव्हा तो नव्या प्रशिक्षकाबरोबर स्विंग बदलत होता, आणि शरीराच्या दोन ठेवणींमध्ये अडकलोय अशा अर्थाचं त्याने तेव्हा सांगितलं. त्याच्या पाठीचीही शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हा एकाच कारणावर बोट ठेवणं उद्धटपणाचं होईल. पण शरीराची ठेवण डोक्यात शिरली की जगातल्या सर्वोत्तम हाताचंही काय होतं, हे त्या दोन-तीन महिन्यांच्या चित्रफितींत दिसतं. बघवत नाही. एप्रिलमधल्या मास्टर्सला फटका परत आला होता.

शिकवणाऱ्यांमधला सध्याचा मोठा वाद हाही मुळात याच आजाराचं लक्षण आहे. एक पंथ म्हणतो, हात पुढे ठेवा, क्लब खाली उतरत चेंडूला लागू द्या. दुसरा म्हणतो, छे, हात पुढे नेले की क्लबची पुढची धार जमिनीत घुसते. क्लबच्या तळाचा फुगीर भाग गवतावरून घसरू द्या. रीलखालच्या प्रतिक्रियांमध्ये यावरून हातघाई चालते. दोन्ही बरोबर आहेत. सात नंबरने, घट्ट जमिनीवरून, दोन पावलांवर टप्पा टाकायचा असेल तर पहिलं. जास्त तिरप्या तोंडाच्या वेजने, मऊ गवतातून, मऊ उतरवायचा असेल तर दुसरं. कुठला टप्पा, हे सांगितल्याशिवाय वाद सुटूच शकत नाही, आणि टप्पा तर चौकटीबाहेर. मग भांडण मनगटावरून होतं.

तेव्हा हडपसरमधल्या कुणाला हा फटका शिकायचाच असेल, तर मराठीत तो असा सांगता येईल. जुना सात नंबर एक मिळवा, सेटची गरज नाही. गच्चीवर काथ्याचं पायपुसणं टाका, भोकंवाला प्लॅस्टिकचा हलका चेंडू घ्या. दोन पावलांवर पंचा अंथरा. पाय जवळ, वजन पंचाच्या बाजूच्या पायावर, चेंडू मध्यापासून किंचित मागे, आणि चेंडू उचलायचा प्रयत्न करायचा नाही. ते काम क्लबच्या तिरप्या तोंडाचं आहे. एवढं सांगून शरीराबद्दल गप्प बसायचं. चेंडू पंचावर टाकायचा. 'मारायचा' हे क्रियापद इथे उपयोगाचं नाही, टाकायचा. विटी कोलताना जेवढा हात लागतो तेवढाच. पडला पंचावर की पंचा चार पावलांवर न्यायचा. असं घोटता घोटता हात बसतो. मराठीत हात 'बसतो', तो बसवून देता येत नाही, हे या भाषेचं निरीक्षण फार नेमकं आहे.

यातून अर्धाच फटका येईल, हे लपवण्यात अर्थ नाही. टप्पा गच्चीवर शिकता येतो, घरंगळणं नाही. प्लॅस्टिकचा चेंडू खऱ्यासारखा घरंगळत नाही आणि बागेतल्या लॉनवर, जिथे मुळात 'लॉनवर खेळू नये' अशी पाटी असते, गवत इतकं वाढलेलं असतं की चेंडू पडला तिथेच बसतो. घरंगळण्यासाठी सपाट, बारीक कापलेली हिरवळ लागते आणि ती कुंपणापलीकडे, येरवड्याला आहे. इथे खेळ पुन्हा जमिनीच्या प्रश्नावर येऊन अडतो.

आणि इथेच माहितीपत्रकातली ती विनोदी जागा उपयोगाला येते. ती कृत्रिम हिरवळ घरंगळण्याच्या बाबतीत बऱ्यापैकी प्रामाणिक असते. तिच्या कडेला पायपुसणं ठेवलं, खरा चेंडू घेतला आणि टप्पा एका पावलावर टाकला, तर दहा-बारा पावलांचा पूर्ण चिप तिथे मावतो, गुडघ्याच्या वरही न जाता. सोसायटीच्या समितीला हे पटवणं वेगळं. पटिंगला परवानगी आणि चिपला बंदी असा नियम निघेल, काचांचं कारण दिलं जाईल, आणि काचा आहेत हे खरंच आहे. सकाळी सहाला, सायकली यायच्या आधी, बहुधा जमेल.

तिथे स्वतःचा व्हिडिओ काढायचा असेल तर फोन आडवा धरा आणि स्वतःसमोर लावू नका. होलच्या मागे, जमिनीलगत, कुठल्यातरी कुंडीला टेकवून ठेवा. चित्रात तुम्ही लांब, लहान आणि अर्धवट दिसाल. चेंडू मात्र पडताना दिसेल.